कृपा आणि मोबदला

श्रोतेहो, आपल्या रोजच्या व्यवहारांत 'कृपा' हा शब्द इतक्या वेळां येतो कीं त्याच्याकडे आपलें लक्षही जात नाहीं. वडील माणसास पत्र लिहितांना आपण 'कृपा असावी' अशी विनंती करतों. प्रकृति कशी आहे असें कोणी विचारलें तर 'देवाची कृपा आहे' म्हणून मोकळे होतों. आणि कचेरींतल्या अर्जांतसुद्धां 'कृपा करून' हे दोन शब्द घातल्यावांचून आपली लेखणी पुढें सरकत नाहीं. ख्रिस्ती धर्मांत मात्र ह्याच लहानशा शब्दावर फार मोठा भार ठेवलेला आहे. माणसाचें तारण देवाच्या कृपेनें होतें आणि ती कृपा विनामूल्य असते, असें तो धर्म सांगतो. ह्या विधानाचा नेमका अर्थ काय, आणि तें ऐकून सुबुद्ध माणसाच्या मनांत जे आक्षेप उभे राहतात त्यांना कांहीं उत्तर आहे कीं नाहीं, एवढेंच आज मला आपणांपुढें मांडावयाचें आहे.

आक्षेप आधींच सांगून टाकलेले बरे. ते दोन आहेत. पहिला असा कीं, पाप जर विनामूल्य माफ होत असेल, तर सदाचरणाची उठाठेव कोणीं कां करावी? दुसरा त्याहूनही कठीण आहे. अपराध्याला देवानें क्षमा केली, तो सुखानें झोपूं लागला. परंतु ज्याच्यावर त्यानें अन्याय केला त्याचें काय? त्या बिचाऱ्याला कोणीं विचारलें? हे दोन्ही प्रश्न मनांत जागे ठेवूनच आपण पुढें जाऊं.

ख्रिस्ती लोकांचा नवा करार मूळ ग्रीक भाषेंत आहे, आणि त्यांत कृपेसाठीं 'खारिस' हा शब्द वापरलेला आहे. देणाराची प्रसन्नता, त्यानें दिलेली देणगी, आणि ती घेणाराच्या मनांतील कृतज्ञता, ह्या तिन्ही गोष्टी ह्या एकाच शब्दानें सांगतां येतात. ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. देणें आणि आभार मानणें हीं जेथें एकाच शब्दाचीं दोन टोकें आहेत, तेथें मध्यें किंमत सांगावयास दुकानदाराला जागा राहत नाहीं.

येशू ख्रिस्ताची शिकवण सिद्धांतांपेक्षां गोष्टींतून अधिक आलेली आहे, म्हणून आपणही गोष्टीपासूनच आरंभ करूं. मत्तयाच्या शुभवर्तमानांत द्राक्षमळ्याच्या एका धन्याची कथा आहे. हा धनी पहाटे चव्हाट्यावर जातो आणि दिवसाला एक दीनार ठरवून मजूर लावतो. एक दीनार म्हणजे त्या काळची दिवसाची मजुरी. तेवढ्यावर गरिबाची चूल पेटावयाची. पुढें नऊ वाजतां, बारा वाजतां आणि तीन वाजतां तो पुन्हां जातो व आणखी माणसें आणतो. शेवटीं पांचाच्या सुमारास, दिवस मावळावयास एकच तास उरला असतां, त्याला तेथें अजून कांहीं मजूर उभे दिसतात. रिकामे कां, असें विचारतां ते सांगतात कीं कोणीं कामच दिलें नाहीं. त्यांनाही तो मळ्यांत पाठवितो. सायंकाळीं मजुरी वांटतांना तो शेवटच्यांपासून आरंभ करतो आणि त्यांच्या हातावर पुरा एक दीनार ठेवतो. पहाटेपासून राबलेल्यांना आशा वाटते कीं आतां आपल्याला अधिक मिळणार. पण त्यांनाही एकच दीनार मिळतो, आणि ते कुरकुर करूं लागतात.

ही गोष्ट ऐकतांना आपली सहानुभूति बहुधा ह्या कुरकुर करणाऱ्यांकडेच जाते. दिवसभर उन्हांत घाम गाळला त्यांनीं, आणि तासाभराच्या पाहुण्याला तेवढेंच! परंतु जरा हिशेब करून पाहूं. पहाटेच्या मजुरांना ठरल्यापेक्षां एक कवडीही कमी मिळालेली नाहीं. त्यांचा न्याय पुरा झाला आहे. त्यांना बोंचतें तें स्वतःचें नुकसान नसून दुसऱ्याचा लाभ आहे. आणि शेवटीं आलेले तरी आळशी होते काय? ते दिवसभर बाजारांत उभे होते. त्यांना कोणीं पत्करलें नव्हतें. त्यांच्या घरींही मुलें होतींच, आणि मुलांची भूक कांहीं बारा हिश्श्यांनीं कमी झालेली नव्हती. धन्यानें त्यांच्या कामाकडे न पाहतां त्यांच्या गरजेकडे पाहिलें. ख्रिस्ती विचारांत कृपा म्हणतात ती ही. ती न्यायाला कोठेंही तोडीत नाहीं. न्यायाची बाकी चुकती झाल्यावर त्याच्याही पलीकडे ती हात पुढें करते.

ह्या शिकवणीला सिद्धांताचें रूप दिलें तें प्रेषित पौलानें. पौल हा प्रथम ख्रिस्ती मंडळीचा कडवा छळ करणारा होता. दमास्कसच्या वाटेवर त्याचें मन पालटलें, तेव्हां त्याच्या पदरीं बक्षिसास पात्र असें कांहींएक नव्हतें. होता तो केवळ अपराध. म्हणून कृपेविषयीं तो लिहितो तें स्वतःच्या अनुभवावरून. रोम येथील मंडळीला इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यानंतर लिहिलेल्या पत्रांत तो मजुरी आणि देणगी ह्यांतील भेद स्पष्ट करून सांगतो. मजुरी हें देणें असतें. देणगी तशी नसते. माणूस आपल्या पुण्यकर्मांच्या बळावर देवाला ऋणको करूं शकत नाहीं, असा त्याचा मथितार्थ आहे. आणि गंमत अशी कीं, आपला पहिला आक्षेप त्याच पत्रांत त्यानें स्वतःच घेतलेला आहे. कृपा वाढावी म्हणून आपण पाप करीत राहावें काय, असें विचारून तो त्याचा निक्षून निषेध करतो. म्हणजे हा आक्षेप कोणा नव्या टीकाकाराचा नाहीं; तो सिद्धांताइतकाच जुना आहे.

पुढें चौथ्या-पांचव्या शतकांत ह्याच प्रश्नावर मोठा वाद झाला. ब्रिटनकडून रोमला आलेला पेलाजियस नांवाचा एक कडक आचरणाचा साधुपुरुष म्हणूं लागला कीं, देवानें जें करावयास सांगितलें तें माणसाच्या शक्तीबाहेरचें असूंच शकत नाहीं. मनांत आणील तर माणूस निष्पाप राहूं शकेल. त्याचा हेतु वाईट नव्हता. 'आमच्यानें होत नाहीं' म्हणून हातपाय गाळणाऱ्या नामधारी ख्रिस्ती लोकांना त्याला जागें करावयाचें होतें. त्याच्याविरुद्ध उभा राहिला तो उत्तर आफ्रिकेंतील हिप्पो नगरीचा बिशप ऑगस्टीन. त्याचा जन्म ३५४ सालचा. चांगलें कोणतें हें कळत असूनही मन तिकडे वळत नाहीं, ह्या यातनेंतून तो स्वतः गेलेला होता. पाय मोडलेल्या माणसाला चालण्याचे नियम समजावून सांगून काय उपयोग, त्याला आधीं वैद्य पाहिजे, असें त्याच्या विचाराचें थोडक्यांत स्वरूप सांगतां येईल. ४१८ सालीं कार्थेज येथील धर्मपरिषदेनें पेलाजियसचें मत त्याज्य ठरविलें.

आपल्याकडील वाचकांना हा वाद अगदींच परका वाटूं नये. दक्षिणेंतील श्रीवैष्णवांत ह्याच प्रश्नावर वडकलै आणि तेंकलै असे दोन पंथ झाले. माकडाचें पिल्लूं आईला स्वतः घट्ट धरून असतें. मांजराच्या पिल्लाला आईच तोंडांत धरून नेते. भक्तानें देवाला धरावयाचें कीं देवानेंच भक्ताला उचलावयाचें? मर्कटन्याय आणि मार्जारन्याय ह्या नांवांनीं हा भेद प्रसिद्ध आहे. रुडॉल्फ ओटो ह्या जर्मन पंडितानें भारतांतील कृपामार्ग आणि ख्रिस्ती धर्म ह्यांच्या तुलनेवर एक ग्रंथच लिहिला. तो १९३० सालीं प्रसिद्ध झाला. कृपेचा विचार ही कोणा एका धर्माची मिरास नाहीं, हें ह्यावरून दिसून येईल.

मग ख्रिस्ती कल्पनेचें वैशिष्ट्य कशांत आहे? 'विनामूल्य' ह्या शब्दाच्या ख्रिस्ती अर्थांत तें आहे असें मला वाटतें. आपल्याला जें फुकट मिळतें त्याची आपण फारशी किंमत ठेवीत नाहीं. परंतु घेणाराला एखादी वस्तु विनामूल्य मिळाली म्हणजे ती देणारालाही विनामूल्य पडली असें होत नाहीं. सावकारानें कुळाचें कर्ज माफ केलें, तर तें कर्ज हवेंत विरून जात नाहीं. तें सावकाराच्या अंगावर पडतें. क्षमा करणारा नेहमींच कोणाची तरी तूट स्वतः सोसतो. ख्रिस्ती माणूस क्रुसाकडे पाहतो तो ह्या दृष्टीनें. माणसाच्या अपराधाची तूट देवानें स्वतः सोसली, आणि म्हणूनच माणसाला क्षमा विनामूल्य मिळूं शकली, अशी त्याची श्रद्धा आहे.

ह्याच मत्तयाच्या ग्रंथांत दुसरी एक कथा आहे, तींत कर्जाचे आंकडे दिलेले आहेत. एका राजाच्या चाकराला दहा हजार तालांत देणें होतें. एक तालांत म्हणजे सुमारें सहा हजार दीनार, तेव्हां हें कर्ज सहा कोटि दीनारांचें झालें. वर्षाचे तीनशें दिवस मजुरी करून आणि एक दमडीही न खर्चितां तें फेडावयाचें म्हटलें तर दोन लक्ष वर्षें लागतील! राजानें तें सगळें माफ केलें. हाच चाकर बाहेर पडतो, आणि आपलें शंभर दीनारांचें देणें असलेल्या सोबत्याचा गळा धरून त्याला तुरुंगांत टाकतो. शंभर दीनार म्हणजे तीन-चार महिन्यांची मजुरी. ती कांहीं क्षुल्लक रक्कम नव्हे. पण स्वतःला मिळालेल्या माफीच्या मानानें ती सहा लक्षांतला एक भाग होती. हें राजाला कळतें आणि तो आपली माफी मागें घेतो. तात्पर्य असें कीं, कृपा मिळविण्यासाठीं कोणतीही अट नाहीं, परंतु जी कृपा माणसाच्या हातून पुढें दुसऱ्याकडे वाहत नाहीं ती त्याला पोंचलीच नाहीं असें समजावें.

हें तत्त्व विसरल्यामुळें ख्रिस्ती जगांतही अनर्थ झाले. सोळाव्या शतकांत पापदंडाच्या माफीचीं पत्रें द्रव्य घेऊन दिलीं जात होतीं, आणि १५१७ सालीं मार्टिन लूथर ह्या जर्मन मठवासी अध्यापकानें त्याविरुद्ध आपलीं पंचाण्णव विधानें मांडलीं. जें देव विनामूल्य देतो त्याचा भाव कोण ठरविणार, हा त्याच्या म्हणण्याचा गाभा होता. रोमन कॅथलिक पक्षानें ट्रेंट येथील परिषदेंत १५४७ सालीं आपली बाजू मांडली. आरंभ कृपेचाच असतो हें तिनें मान्य केलें. मात्र कृपेनें जागा झालेला माणूस तिला साथ देतो, ह्यावर तिचा कटाक्ष होता. ह्या भेदापायीं युरोपांत पुष्कळ रक्त सांडलें. शेवटीं ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं आउग्सबुर्ग येथें लूथरपंथी आणि कॅथलिक ह्यांनीं एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, आणि तारण कृपेनेंच होतें ह्या मूळ मुद्द्यावर आपलें ऐकमत्य जाहीर केलें. चारशें ऐंशीहून अधिक वर्षांनीं का होईना, तो तंटा पुष्कळसा मिटला.

आतां सिद्धांत बाजूला ठेवून दोन माणसांकडे पाहूं. पहिला आहे जॉन न्यूटन. कृपेवरील त्याचें इंग्रजी गीत जगभर गाइलें जातें. त्याचा जन्म १७२५ सालीं लंडनमध्यें झाला, आणि तारुण्यांत तो गुलामांच्या व्यापारांत शिरला. मार्च १७४८ मध्यें त्याचें जहाज उत्तर अटलांटिक महासागरांत वादळांत सांपडलें. मरण समोर दिसतांच त्यानें देवाचा धांवा केला. तो वांचला, आणि तो दिवस त्यानें पुढें जन्मभर पाळला. इथपर्यंतची हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. परंतु पुढची तितकीच महत्त्वाची आहे. ह्या प्रसंगानंतरही १७५० ते १७५४ ह्या काळांत न्यूटननें गुलामांच्या जहाजावर कप्तान म्हणून तीन सफरी केल्या. वर डेकवर तो प्रार्थना करीत होता, आणि खालीं कोठारांत माणसें सांखळदंडांनीं जखडलेलीं होतीं. समुद्र त्यानें सोडला तोही सदसद्विवेकामुळें नव्हे, तर आजारामुळें. पुढें १७६४ मध्यें तो ओल्नी ह्या गांवीं धर्मोपदेशक झाला. तें प्रसिद्ध गीत १७७३ च्या वर्षप्रतिपदेच्या उपासनेसाठीं रचलेलें असून १७७९ मध्यें छापलें गेलें. त्यांत गुलामांचा उल्लेख नाहीं.

येथें आपला दुसरा आक्षेप पुऱ्या जोरानें उभा राहतो. ह्या माणसाला देवानें क्षमा केली असेल. पण त्या कोठारांतल्या माणसांचें काय? मला वाटतें, ह्या प्रश्नाला झटपट उत्तर देणें हेंच एक पाप होईल. न्यूटनलाही तें उत्तर लौकर सुचलें नाहीं. १७८८ सालीं, म्हणजे त्या वादळानंतर चाळीस वर्षांनीं, त्यानें आफ्रिकेंतील गुलामांच्या व्यापारावर एक पुस्तिका छापली. आणि तींत आपण काय पाहिलें, आपण स्वतः काय केलें, तें जगजाहीर करून आपली कबुली फार उशिरानें येत आहे हें मान्य केलें. त्यानंतर पार्लमेंटच्या समितीपुढें त्यानें साक्ष दिली. विल्यम विल्बरफोर्स ह्या तरुण सभासदाला राजकारण सोडूं नको असा सल्ला त्यानें पूर्वींच दिला होता. त्याच विल्बरफोर्सच्या खटपटीनें १८०७ च्या मार्चमध्यें ब्रिटिश साम्राज्यांतील गुलामांचा व्यापार कायद्यानें बंद झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत न्यूटन वारला. ह्या सर्वानें मेलेलीं माणसें परत आलीं नाहींत. तरी एवढें खरें कीं, क्षमा मिळाली म्हणून न्यूटनला आपला अपराध विसरतां आला नाहीं. उलट क्षमा मिळाली होती म्हणूनच तो उघडपणें सांगण्याचें धैर्य त्याला झालें. ज्याला शिक्षेचें भय असतें तो लपवितो. कृपा माणसाला सत्य बोलण्यास मोकळा करते, आणि अन्याय सोसलेल्या माणसाचा पहिला हक्क सत्यावरच असतो.

दुसरें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतलें, पंडिता रमाबाईंचें. न्यूटननें अन्याय केला होता. रमाबाईंनीं दुःख भोगलें होतें. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांच्याबरोबर तीर्थयात्रा आणि पुराणकथन करीत त्या देशभर हिंडल्या; दुष्काळांत आई, वडील आणि बहीण त्यांनीं गमाविलीं; पुढें लग्नानंतर दोन वर्षांच्या आंतच वैधव्यही आलें. त्या काळीं विधवेकडे, हिनें पूर्वजन्मीं कांहीं तरी पाप केलें असलें पाहिजे, अशा नजरेनें पाहत. १८८३ सालीं इंग्लंडांतील वाँटेज येथें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून येथें जें वादळ झालें त्याचा आजच्या विषयाशीं संबंध नाहीं. आजच्या विषयाशीं संबंध आहे तो त्यांनीं १९०७ सालीं लिहिलेल्या आत्मनिवेदनाशीं. त्यांत त्या सांगतात कीं, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षें आपल्याला ख्रिस्ती धर्म सांपडला होता, पण ख्रिस्त सांपडला नव्हता. म्हणजे जुन्या व्रतवैकल्यांच्या जागीं नवे नियम आले होते, आणि आपण कोठें तरी उणे पडतों ही टोंचणी मात्र तीच होती. तारण हें मिळवावयाचें नसून घ्यावयाचें आहे, हें त्यांना १८९० नंतर उमगलें.

आणि ह्या बोधानें त्या स्वस्थ बसल्या काय? १८८९ मध्यें मुंबईस शारदासदन त्यांनीं काढलेंच होतें. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्य प्रांतांत गेल्या आणि उपाशी, निराधार मुली व विधवा ह्यांना घेऊन आल्या. केडगांवचें मुक्तिसदन त्यांतून वाढलें. तेथें आलेल्या मुलीला 'तूं काय लायकीची?' हा प्रश्न आधीं विचारला जात नसे. आधीं ताट मांडलें जाई. पुढें मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा अभ्यासून त्यांनीं सगळें बायबल मराठींत आणलें. १९२२ सालीं त्या वारल्या, तेव्हां त्या कामावरून त्यांचा हात नुकताच निघाला होता. कृपा विनामूल्य आहे असें मानणारी ही बाई कोणत्याही पुण्यसंचय करणाराहून कमी राबली नाहीं. फरक इतकाच कीं, तिचें राबणें हें किंमत भरण्यासाठीं नव्हतें. तें आभार मानण्यासाठीं होतें. मजूर आणि घरची मुलगी एकाच चुलीपुढें घाम गाळतात. एकीला मजुरीची वाट असते, दुसरीला घर आपलें आहे म्हणून काम करावेंसें वाटतें.

आपल्या पहिल्या आक्षेपाचें उत्तर बहुधा ह्यांत आहे. डीट्रिख बोनहोफर ह्या जर्मन धर्मोपदेशकानें १९३७ सालच्या आपल्या एका ग्रंथांत स्वस्त कृपा आणि महाग कृपा असा भेद केला. पश्चात्तापावांचून क्षमा वांटणें ही त्याच्या मतें स्वस्त कृपा. जी माणसाचें सगळें आयुष्य मागून घेते ती खरी. हिटलरच्या राजवटीला विरोध केल्याबद्दल ९ एप्रिल १९४५ रोजीं त्याला फांशी देण्यांत आली. विनामूल्य मिळालेल्या वस्तूसाठीं त्यानें आपल्याजवळचें सर्व दिलें, असें म्हणावें लागेल.

श्रोतेहो, हा सिद्धांत आपण स्वीकारावा कीं नाहीं, हें सांगण्याचा माझा अधिकार नाहीं, आणि तो हेतुही नाहीं. परंतु आपल्या घरांतली जमाखर्चाची वही क्षणभर मिटून आपण एवढें आठवून पाहावें, कीं आपल्याला जन्मापासून जें मिळत आलें त्यांतलें किती आपण कमावलेलें होतें. पहिला घांस कोणीं भरविला, पहिलें अक्षर कोणीं गिरवून घेतलें, चुकलों तेव्हां कोणीं पदराखालीं घेतलें? ह्या यादींत मोबदल्याचा रकाना बहुतेक कोराच राहील. त्या कोऱ्या रकान्याला ख्रिस्ती माणूस कृपा म्हणतो, आणि तिचा उगम देवापाशीं आहे असें मानतो. आपण पत्राच्या शेवटीं 'कृपा असावी' असें लिहितों तेव्हां, नकळत का होईना, ह्याच मोठ्या गोष्टीचें नांव घेत असतों.